उजेडाचा हिशेब

आमच्या होस्टेलच्या रूमला एकच खिडकी आहे, पश्चिमेची. दुपारी तीननंतर तिच्यातून असं ऊन आत घुसतं की टेबलावर उघडं पडलेलं जर्नल नुसतं पांढरंफटक दिसतं. आणि त्याच वेळी दाराजवळच्या कॉटखाली बादली आहे की चपला, हे हाताने चाचपून बघावं लागतं. चार वर्षं या रूममध्ये काढली, पण खिडकीतला उजेड आणि कॉटखालचा अंधार यांच्यात किती पट फरक आहे, हा प्रश्न कधी पडला नव्हता. पडला तो फायनल इयरच्या प्रोजेक्टमुळे.

आमच्या तिघांच्या ग्रुपने प्रकाशकिरणांचा माग काढत चित्र तयार करणारा प्रोग्राम लिहायला घेतला. सीन म्हणून दुसरं काही सुचेना, तेव्हा आपलीच रूम टेप लावून मोजली आणि कॉम्प्युटरवर उभी केली. दोन कॉट, दोन टेबलं, दोरीवरचा टॉवेल, बादली, सगळं. रात्रभर मशीन चालू ठेवलं आणि सकाळी मेसचे पोहे सोडून निकाल बघायला बसलो. आकडे झकास होते. खिडकीबाहेरचं आकाश ४०, टेबलावरचा कागद अडीच, कॉटखालची फरशी ०.०२. म्हणजे सर्वांत उजळ आणि सर्वांत काळोख्या जागेत दोन हजार पटींचा फरक.

पंचाईत पुढेच होती. स्क्रीनला शून्य ते एक एवढंच कळतं, आणि त्याचेही २५६ टप्पे. एकच्या वरचं सगळं छाटून टाकलं, तर खिडकी आणि टेबल मिळून एक पांढरं ठिगळ झालं. सगळ्याला ४० ने भागलं, तर बाहेरचं आकाश छान दिसलं, पण कागद मळकट राखाडी झाला आणि कॉटखालची फरशी, गॅमा लावूनसुद्धा, २५५ पैकी जेमतेम २ वर येऊन थांबली. दाराजवळची कॉट माझ्या रूम पार्टनरची. त्याने चित्र निरखून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, की या रूममध्ये तू एकटाच राहतोस का.

रिव्ह्यूमध्ये आमच्या गाईड सरांनी अल्गोरिदम विचारला नाही, मशीनला किती तास लागले तेही विचारलं नाही. चित्रात काय दिसायला हवं हे तुम्ही आधी ठरवलं होतं का, एवढंच विचारलं. आम्ही तिघेही गप्प. मग त्यांनी २००२ सालचा एक पेपर वाचायला सांगितला. राइनहार्ड, स्टार्क, शर्ली आणि फर्वर्डा या चौघांचा. कॉम्प्युटरने काढलेल्या चित्रातला अफाट उजेड स्क्रीनच्या किंवा कागदाच्या आवाक्यात बसवणे, ज्याला टोन मॅपिंग म्हणतात, त्यावरचा. मी समीकरणांची तयारी करून बसलो होतो. पण सुरुवातीलाच भेटला तो एक फोटोग्राफर, आणि तोही पेपर निघायच्या १८ वर्षं आधी वारलेला! अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स. त्याचं चरित्र शोधत गेलो आणि दोन दिवस सबमिशन बाजूला राहिलं. जे हाती लागलं ते सांगतो. (थोरामोठ्यांना अहो-जाहो करावं हे खरं, पण आम्ही मुलं सचिनलाही ‘तो’च म्हणतो. तसंच समजा.)

अ‍ॅन्सेलचा जन्म २० फेब्रुवारी १९०२ चा, अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोचा. आईवडिलांचा एकुलता एक. आजोबांचा लाकडाचा मोठा धंदा होता, पण १९०७ च्या आर्थिक पडझडीनंतर घराची श्रीमंती ओसरत गेली. त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल १९०६ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोचा तो भयंकर भूकंप झाला. मुख्य धक्क्यातून चार वर्षांचा अ‍ॅन्सेल सहीसलामत सुटला, पण काही तासांनी आलेल्या दुसऱ्या धक्क्याने बागेतल्या भिंतीवर आपटला आणि नाक मोडलं. ते वाकडं नाक जन्मभर तसंच राहिलं.

शाळेत हे पोरगं एका जागी बसेना. शेवटी वडिलांनी त्याला शाळेतून काढलं आणि १९१५ साली शहरात भरलेल्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनाचा वर्षभराचा पास हातात ठेवला. रोज जा आणि बघ, हीच तुझी शाळा! आपल्याकडे अटेंडन्स ७५ टक्क्यांच्या खाली गेली की घरी पत्र जातं. असो. बाराव्या वर्षी तो आपला आपण पियानो वाजवायला शिकला. पुढे रीतसर शिक्षक लाभले आणि चंचल पोराला शिस्त लागली ती या वाद्यामुळे. एक एक सूर स्वच्छ येईपर्यंत तोच तुकडा घासत बसायचं. पियानोवादक व्हायचं हे त्याचं नक्की होतं.

१९१६ साली घरचे योसेमिटीच्या खोऱ्यात सहलीला गेले. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा डोंगररांगेतलं हे खोरं म्हणजे हजारो फूट उंचीचे सरळसोट ग्रॅनाइटचे कडे, धबधबे आणि देवदारासारखी उंच झाडं. तिथे आईवडिलांनी त्याला कोडॅकचा साधा बॉक्स ब्राउनी कॅमेरा दिला. हाफ डोम नावाच्या प्रचंड कड्याचा फोटो काढायला तो एका कुजक्या खोडावर चढला, खोड ढासळलं, आणि डोक्यावर पडता पडता त्याच्या हातून बटण दाबलं गेलं. फोटो उलटा आला! पुढे ज्या कड्याने त्याला नाव दिलं, त्याची पहिली भेट ही अशी. त्यानंतर हयात असेपर्यंत तो दर वर्षी योसेमिटीला जात राहिला. चार उन्हाळे तर सिएरा क्लब या गिर्यारोहकांच्या संस्थेच्या तिथल्या वास्तूचा राखणदार म्हणून काढले. तिथल्याच एका चित्रकाराच्या घरी पियानो होता. वाजवायला म्हणून तो जाऊ लागला आणि १९२८ मध्ये त्या घरचा जावई झाला, व्हर्जिनिया बेस्टचा नवरा.

आता १० एप्रिल १९२७ चा दिवस. अ‍ॅन्सेल २५ वर्षांचा. पाठीवर भलामोठा कॅमेरा, काचेच्या १२ प्लेटा, बरोबर मित्रमंडळी आणि होणारी बायको. बर्फातून चढत तो हाफ डोमच्या समोरच्या कड्यावर पोचला तेव्हा १२ पैकी दोनच प्लेटा शिल्लक होत्या. एका प्लेटवर नेहमीचा पिवळा फिल्टर लावून फोटो घेतला. घेतल्यावर त्याच्या लक्षात आलं, की जे आपण काढलं त्यात आकाश राखाडी येईल आणि कडा नुसता कडा दिसेल. आपल्याला समोर उभं राहून जी छाती दडपल्याची भावना होते आहे, ती त्यात नाही. प्लेट एकच उरली. त्याने गडद लाल फिल्टर चढवला. लाल काच आकाशाचा निळा उजेड अडवते, म्हणजे फोटोत आकाश जवळजवळ काळं येणार. पण ती इतरही उजेड अडवते, म्हणून पाच सेकंद शटर उघडं ठेवलं. काळ्या आकाशापुढे उभा तो कडा, ‘मोनोलिथ’ या नावाने गाजलेला फोटो, तोच हा.

आपल्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांनी इथे एक गोष्ट टिपून ठेवावी. त्याने आधी छापील चित्र मनात पाहिलं आणि मग मागे येत फिल्टर आणि सेकंद ठरवले. पुढे आयुष्यभर त्याने शिकवलं ते हेच. आम्ही काय केलं होतं? रात्रभर मशीन चालवलं आणि सकाळी काय आलंय ते बघायला बसलो.

तरीही पियानो सुटेना. दोन्ही डगरींवर हात ठेवून त्याने काही वर्षं काढली. १९३० साली न्यू मेक्सिकोतल्या टाओस गावी पॉल स्ट्रँड हा फोटोग्राफर त्याला भेटला. स्ट्रँडने आपल्या नेगेटिव्ह उजेडात धरून दाखवल्या. त्या पाहिल्या आणि अ‍ॅन्सेलने ठरवलं, आता कॅमेराच. घरी आई आणि मावशी हवालदिल झाल्या. यंत्राला माणसाचं मन कुठून कळणार, पियानो सोडू नकोस, अशी त्यांची विनवणी. करिअर बदलण्याचा विषय घरी काढल्यावर काय होतं ते आपल्यातल्या काहींना ठाऊक आहेच! पण पियानो तसा सुटला नाही. नेगेटिव्ह म्हणजे संगीतकाराने लिहून ठेवलेली रचना आणि प्रिंट म्हणजे तिचं वादन, असं तो पुढे नेहमी सांगायचा. आपल्या भाषेत बंदिश आणि गायकी. बंदिश एकच, पण ती रंगते गाणाऱ्याच्या गळ्यात.

१९३२ मध्ये एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम वगैरे मंडळींबरोबर त्याने ‘एफ/६४’ नावाचा गट काढला. फोटोने चित्रकलेची नक्कल करू नये, फोटोसारखं स्वच्छ आणि धारदार दिसावं, हा त्यांचा आग्रह. आणि १९४० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या आर्ट सेंटर स्कूलमध्ये शिकवताना, सहकारी फ्रेड आर्चरबरोबर त्याने ती गोष्ट रचली जी आमच्या पेपरमध्ये होती. झोन सिस्टिम.

ही काय भानगड आहे, ते थोडक्यात. उजेड मोजणारं मीटर बिचारं एकच समजतं : समोर जे आहे ते मधलं राखाडी आहे. बर्फ दाखवा, ते बर्फाला राखाडी करणार. काळी म्हैस दाखवा, तिलाही राखाडी करणार. अ‍ॅडम्सने निखळ काळ्यापासून निखळ पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा असे ११ झोन पाडले. प्रत्येक पुढचा झोन आधीच्याच्या दुप्पट उजेडाचा. मधोमध पाचवा झोन, म्हणजे अंगावरच्या उजेडातला १८ टक्के उजेड परत फेकणारा राखाडी. आता फोटोग्राफरने समोरच्या दृश्यातली एक जागा निवडायची आणि ती कुठल्या झोनमध्ये ठेवायची ते ठरवायचं. ती ठेवली की बाकीच्या जागा आपापल्या उजेडाप्रमाणे इतर झोनमध्ये आपोआप जाऊन पडतात. सावलीतला तपशील हवा असेल तर त्याप्रमाणे एक्स्पोजर द्या. उजळ भाग जास्तच वर जात असेल तर नेगेटिव्ह कमी वेळ डेव्हलप करा, म्हणजे तो खाली दाबला जाईल. ठेवणं आपल्या हातात, पडणं निसर्गाच्या हातात.

याची खरी परीक्षा झाली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावी. १९४१ चा नोव्हेंबर महिना. दिवसभर मनासारखा फोटो मिळाला नव्हता. बरोबर आठ वर्षांचा मुलगा मायकेल आणि मित्र सेड्रिक राइट. गाडीने परतताना डावी-उजवीकडे सहज बघतो तर पूर्वेला डोंगरांवर चंद्र चढलेला, खाली लहानसं गाव, चर्च, आणि स्मशानातल्या पांढऱ्या क्रॉसांवर मावळत्या उन्हाची शेवटची तिरीप. गाडी रस्त्याच्या कडेला लावली, कॅमेरा उभा केला, आणि मीटर सापडेना! सगळ्यांची धावाधाव, ऊन क्षणाक्षणाला उतरतंय.

तेव्हा त्याला आठवलं, की चंद्राची तेजस्विता त्याला पाठ आहे : दर चौरस फुटाला २५० कँडल. गणित तुम्हीही करून बघा. त्याच्या फिल्मचा स्पीड ६४. त्याचं वर्गमूळ ८. नियम असा, की एफ/८ ला जितके कँडल तितकाव्या भागाचा सेकंद दिला की ती जागा पाचव्या झोनवर बसते. चंद्र ठेवायचा सातव्या झोनवर, म्हणजे दोन झोन वर. मग पाचव्यावर येतील २५० च्या चौथाई, सुमारे ६० कँडल. म्हणून १/६० सेकंद. फिल्टरमुळे तिप्पट, १/२० सेकंद. आणि एफ/८ ऐवजी एफ/३२ वापरायचं तर १६ पट. म्हणजे ०.८, धरून चाला एक सेकंद. एवढं सगळं डोक्यात, उतरत्या उन्हात! एक फोटो घेतला, दुसऱ्यासाठी होल्डर उलटा केला, तोवर क्रॉसांवरचं ऊन गेलं होतं. नेगेटिव्ह एकच. त्याला स्वतःला तर सालही धड आठवायचं नाही. पुढे खगोल अभ्यासकांनी चंद्राच्या जागेवरून हिशेब केला आणि १९९१ मध्ये १ नोव्हेंबर १९४१ ही तारीख नक्की झाली.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि टोन मॅपिंगवाल्यांसाठी तर इथेच सुरू होते. चंद्र जागेवर बसला, पण पुढची जमीन नेगेटिव्हमध्ये फारच फिकी आली होती. १९४८ मध्ये त्याने रसायन वापरून नेगेटिव्हच्या तेवढ्याच भागाची घनता वाढवली. प्रत्येक प्रिंट काढताना डार्करूममध्ये पुठ्ठ्याच्या तुकड्याने आणि हाताने काही भागांवरचा उजेड अडवायचा, काही भागांवर जास्त पडू द्यायचा. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात फिकट ढग दिसतात. नंतरच्या प्रिंटमध्ये तेच आकाश जवळजवळ काळंभोर आहे. नेगेटिव्ह तीच, माणूस तोच, पण गाणं वयाबरोबर बदललं. ‘मूनराइज’च्या अशा हजाराहून जास्त प्रिंट त्याने स्वतः काढल्या.

अंधारात काय ठेवायचं आणि उजेडात काय, हा प्रश्न त्याला डार्करूमबाहेरही पडला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारने आपल्याच देशातल्या जपानी वंशाच्या माणसांना छावण्यांत डांबलं. १९४३ मध्ये अ‍ॅडम्स कॅलिफोर्नियातल्या मँझनार छावणीत गेला, तिथल्या माणसांचे जवळून फोटो काढले आणि १९४४ मध्ये, युद्ध चालू असताना, पुस्तक प्रसिद्ध केलं. त्याने त्यांची उमेद जास्त दाखवली आणि सोसणं कमी, अशी टीका पुढे झाली. तीही खोटी म्हणता येत नाही. मात्र देशाला ज्यांच्याकडे बघायचं नव्हतं, त्यांचे चेहरे त्याने समोर आणले.

१९३४ ते १९७१ तो सिएरा क्लबच्या संचालक मंडळावर होता. त्याच्या फोटोंचा किंग्ज कॅनियन हे राष्ट्रीय उद्यान होण्यात (१९४०) हातभार लागला. उतारवयात त्याने कॅमेरा, नेगेटिव्ह आणि प्रिंट या तीन विषयांवरची आपली पुस्तकं नव्याने लिहिली. १९८१ साली आलेल्या नेगेटिव्हवरच्या पुस्तकात तो सांगून गेला, की पुढची मोठी झेप इलेक्ट्रॉनिक प्रतिमेची असेल आणि तिच्यावर ताबा मिळवणं लोकांना नव्याने शिकावं लागेल. तेव्हा तो ७९ वर्षांचा होता. २२ एप्रिल १९८४ रोजी तो गेला.

आणि २००२ मध्ये त्या चौघांनी त्याचीच डार्करूम कोडमध्ये आणली. चित्रातल्या सगळ्या उजेडाची लॉग सरासरी काढायची. साधी सरासरी चालत नाही, कारण एक खिडकीच ती वर ओढून नेते. आणि झोन तर दुपटीचेच, म्हणजे लॉगचेच. ती सरासरी ०.१८ वर, म्हणजे पाचव्या झोनवर ठेवायची. मग प्रत्येक किंमत क्ष असेल तर क्ष भागिले (१ + क्ष). कॅल्क्युलेटर घ्या : ०.१८ चे ०.१५ होतात, १ चा ०.५, १० चे ०.९१, १०० चे ०.९९. अंधाराला फारसा धक्का नाही, आणि कितीही प्रखर असलं तरी एकच्या आत. शेवटी पुठ्ठ्याचं काम : प्रत्येक पिक्सेलच्या आसपासचा उजेड बघून त्या जागेपुरता वक्र सैल किंवा घट्ट करायचा. आज आपल्या मोबाइलचा कॅमेरा खिडकीसमोरच्या मित्राचा चेहरा काळा पडू देत नाही, त्यामागे याच जातीची युक्ती असते.

फॉर्म्युला दहा मिनिटांत टाइप झाला. पण ०.१८ हा आकडा कायम तोच असला पाहिजे असं पेपरही म्हणत नाही. चित्र एकूण उजळ हवं की गडद, त्याप्रमाणे तो आपण बदलायचा. म्हणजे सरांचा प्रश्न तसाच उरला होता. या वेळी मशीन चालू करायच्या आधी आम्ही तिघे आणि रूम पार्टनर कागद घेऊन बसलो. काय दिसलं पाहिजे? बादली. दाराजवळच्या कॉटवरची चादर. भिंतीवर त्याने पेन्सिलने लिहिलेलं टाइमटेबल. त्याच्या बदल्यात खिडकीबाहेरच्या कडुनिंबाची पानं धूसर झाली तर चालतील, पण आकाश आणि झाड यांच्यातली रेघ टिकली पाहिजे. मग ०.१८ चा ०.३ केला आणि सावलीतली कॉट आम्हाला हवी तिथे नेऊन ठेवली. बाकीचं आपोआप जाऊन पडलं.

ते चित्र आता प्रोजेक्ट रिपोर्टच्या कव्हरवर आहे. या अंकात ते छापलेलं नाही, कारण कागदाचा आवाका स्क्रीनपेक्षाही लहान आणि त्यासाठी पुन्हा सगळं नव्याने ठरवावं लागेल. रूम पार्टनरने एक प्रिंट मागून घेतली आणि घरी पाठवली. आईला आपली कॉट दाखवायची होती म्हणाला.

– अंतिम वर्ष, संगणक विभाग